जुनी स्टीलची रोड बाइक: कशी निवडायची, कशी सजवायची, आणि कुठे हात आवरायचा

मी आइंडहोव्हनला राहतो आणि इथल्या गणपतीत दर वर्षी कोणीतरी विचारतंच, की अरे तुझी ती जुनी चकचकीत सायकल आहे ना, तसली मला पण पाहिजे, कुठून घेतलीस, काय काय बघून घ्यायचं. दर वेळी हातात मोदक धरून अर्धा तास तेच बोलतो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. हॉलंडात एक सोय आहे, ७०-८० च्या दशकातल्या रेसिंग सायकली लोकांच्या शेडमध्ये अजून पडून आहेत आणि मार्क्टप्लाट्सवर (इथली जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची साइट) रोज निघतात. त्यातल्या दोन नावांवर मी डोळे झाकून नाही पण निम्मे झाकून भरवसा ठेवतो. एक म्हणजे डीरन गावातल्या गझेलची चॅम्पियन मोंडियाल, रेनॉल्ड्स ५३१ नावाच्या स्टीलच्या नळ्यांची, आणि दुसरी कोगा मियाता, जिची फ्रेम जपानात मियाताकडे बनायची. इटालियन कोलनागो, डी रोझा सुंदर असतातच, पण त्यांच्या नावाचे पैसे वेगळे मोजावे लागतात.

जाहिरातीतला फोटो उघडला की आधी पार्टची नावं वाचू नका. डोळे बारीक करा आणि नुसत्या रेघा बघा. वरचा दांडा (हो तोच, ज्याच्यावर बसून आपण लहानपणी बाबांबरोबर शाळेत जायचो) जमिनीला समांतर आहे का, पुढचा चिमटा (फोर्क) खाली येताना हळूच पुढे वळलाय का, दोन्ही चाकं आणि मधला त्रिकोण एकमेकांना शोभतात का. क्लासिक बाइकची निम्मी जादू त्या आडव्या दांड्यातच आहे. आणि तो काही शोभेसाठी आडवा नव्हता बरं का, तेव्हा नळ्या जोडायच्या त्या लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या धातूच्या बाहीत, घालून पितळ नाहीतर चांदी वितळवून, आणि ते लग ठरावीक कोनातच तयार मिळायचे, ७३ अंशांच्या आसपास, त्यामुळे दांडा आडवा ठेवणं सगळ्यात सोपं पडायचं. पुढे नव्वदच्या दशकात जायंटने उतरत्या दांड्याची फ्रेम आणली, कमी साइझमध्ये जास्त लोक बसायला लागले, धंद्याला बरं, पण ती रेघ गेली ती गेली.

नळ्या बारीक का दिसतात ते पण सांगतो. स्टीलच्या फ्रेमचा वरचा दांडा २५.४ मिमी, खालचा आणि सीटखालचा २८.६ मिमी, बस. अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून तिथे नळ्या जाड कराव्याच लागतात. स्टीलला गरज नाही. कोलंबसच्या एसएल नळीचा पत्रा टोकांना ०.९ मिमी आणि मध्ये ०.६, म्हणजे जिथे जोड आहे तिथेच जाड, बाकी पोकळ कागद. बोटाने टिचकी मारली की घंटीसारखी वाजते.

साइझचं गणित पण या आडव्या दांड्यामुळे सोपं होतं. तुमच्या उंचीला सीट लावल्यावर दांड्याच्या वर मूठभर सीटपोस्ट (सीट जिच्यावर बसते ती नळी) दिसली पाहिजे, जरा जास्त चालेल. बोटभरच दिसली तर फ्रेम मोठी, वीतभर दिसली तर लहान, आणि मग कितीही भारी पार्ट लावा ती बाइक कोणाची तरी उसनी आणल्यासारखीच दिसणार. मी पाच फूट सात इंच आहे, मला ५४ सेंमीची बसते. फोटोत भाळून ५८ ची घेऊ नका. मी घेतली होती, दीड महिन्यात विकली.

आता प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा. सोबत एक सुतळी, एक छोटा टॉर्च, ६ नंबरची अ‍ॅलन की. खालच्या दांड्याच्या खालून हात फिरवा, चिमट्याच्या मागे चार बोटांवर. तिथे रंगाला सुरकुती किंवा पत्र्याला लाट लागली की समजायचं ही समोरून कुठेतरी आदळलीय, चहा प्यायचा आणि घरी यायचं. मग सुतळी मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो ती खाच) बांधून पुढे हेडट्यूबला (हँडल जिच्यात फिरतं ती पुढची नळी) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणायची, आणि सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. एखादा मिमी इकडेतिकडे चालतो, त्याच्यापुढे फ्रेम वाकडी. टॉर्चने क्रँकचा, म्हणजे पेडल ज्याला लागतं त्या दांड्याचा, तो भाग बघा जिथे पाच पाकळ्या दांड्याला मिळतात, जुन्या कँपॅग्नोलो रेकॉर्ड क्रँकना नेमकी तिथेच चीर जाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी पहिल्या वेळी केलं नाही: सीटपोस्ट आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा) हलतात का ते विकणाऱ्यासमोरच बघायचं. स्टीलच्या नळीत अ‍ॅल्युमिनियमची पोस्ट वीस वर्षं न हलवता राहिली की दोन्ही धातू गंजून एकजीव होतात. माझ्या पहिल्या बाइकची पोस्ट अशीच, तेल ओतलं, रात्रभर ठेवली, पाइप पान्याने पिळली, शेवटी करवतीच्या पात्याने आतून चिरून तुकडे काढले, तीन रविवार गेले आणि शेजारच्या आजोबांशी बोलणं बंद व्हायची वेळ आली आवाजामुळे. स्टेम काढायची पद्धत वेगळी आहे, वरचा बोल्ट तीन-चार आटे सैल करायचा, काढायचा नाही, त्याच्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने ठक्क करून एक मारायचा, आतली पाचर खाली पडते आणि स्टेम मोकळा होतो. बोल्ट पूर्ण काढून मग जोर करत बसणारे लोक मी पाहिलेत, देव त्यांचं भलं करो.

मापांचा एक चकवा आहे तो आधीच सांगतो म्हणजे पैसे वाचतील. पूजो दिसायला फार गोड, पांढऱ्यावर काळे चौकोन वगैरे, आणि स्वस्तही मिळतात, पण जुन्या फ्रेंच बाइकचं सगळं जगावेगळं. बाकी जगाचा स्टेम २२.२ मिमी, यांचा २२.०. बॉटम ब्रॅकेटचे (क्रँकचा आस जिथे फिरतो तो भाग) आटे वेगळे, पेडलचे पण वेगळे निघू शकतात. वर सिम्प्लेक्सचे प्लास्टिकचे गिअर, जे आता तडकतात. पहिली बाइक फ्रेंच घेऊ नका, दुसरी घ्या. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅले पण स्वतःचेच आटे लावायच्या, इंचाला २६, बाकीचे २४. इटालियन बॉटम ब्रॅकेट ७० मिमी रुंद आणि दोन्ही बाजूचे कप सरळ आट्याचे, इंग्लिश ६८ मिमी आणि उजवा कप उलट्या आट्याचा. हे माहीत नसताना पाना लावला तर उघडायच्या ऐवजी आवळत राहाल आणि आटे खाल.

आता दिसण्याच्या मुद्द्याकडे येतो. माझं एकच म्हणणं आहे: एक फ्रेम, एक काळ. पार्ट एकाच कंपनीचे नसले तरी चालतील पण एकाच पाच-सात वर्षांतले हवेत. १९७८ च्या फ्रेमवर २००५ चा काळा क्रँक म्हणजे नऊवारीवर स्पोर्ट्स शूज, चालायला सोयीचे असतील, पण नजर तिथेच जाऊन अडकते. तुलियो कँपॅग्नोलोने १९३३ मध्ये व्हिचेन्झात दुकान थाटलं आणि पुढची पन्नास वर्षं रेसिंग सायकलचे पार्ट कसे दिसावेत हे जवळपास त्या एकाच कारखान्याने ठरवलं. १९६७ चा न्यूवो रेकॉर्डचा मागचा गिअर हातात घेऊन बघा कधी, त्याच्यात लपवलेलं काही नाही, समांतरभुज चौकोन हलताना दिसतो, स्प्रिंग दिसते, बोल्ट दिसतात, आणि तरी एखाद्या दागिन्यासारखा. मला वाटतं जुन्या पार्टचं आकर्षण हेच आहे, काम कसं चालतं ते झाकलेलं नसतं. माझ्या गझेलवर मात्र कँपी नाही, तिच्यावर शिमानो ६०० आहे, ती अरेबेस्क म्हणतात ती, ब्रेकवर आणि क्रँकवर पैठणीच्या काठासारखी वेलबुट्टी कोरलेली. जाणकार नाक मुरडतात, फार नटवी आहे म्हणून. मुरडू देत.

पार्टला भोकं पाडायची एक हौस त्या काळात होती, ती मात्र नक्कल करू नका. बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किमी काढले ते अर्नेस्टो कोलनागोने बनवलेल्या बाइकवर, वजन पावणेसहा किलोच्या आसपास, हँडलला आणि चेनलासुद्धा भोकं. ती बाइक एक तास ट्रॅकवर पळवायची होती. तुम्हाला ऑफिसला जायचंय.

साफसफाई. पहिला नियम, फ्रेम रंगवायची नाही. मला माहितीये हात शिवशिवतात, पावडर कोटिंगवाला शंभर मीटरवर आहे, पण एकदा मूळ रंग आणि स्टिकर गेले की ती कुठलीही फ्रेम होते, आणि पावडर कोटिंगचा जाड थर लगच्या बारीक कडा भरून टाकतो, ज्या कोणीतरी कानशीने तासन्‌तास बसून घासल्या होत्या. भांड्याच्या साबणाने धुवा, मग कारचं पॉलिश, मग मेण. जिथे रंग उडालाय तिथे जवळच्या छटेची नेलपॉलिश काडीने टिंबटिंब लावा, बायकोची विचारून घ्या. क्रोमवरचा गंज काढायला स्वयंपाकघरातली फॉइल बोळा करून पाण्यात बुडवायची आणि घासायची, क्रोमपेक्षा फॉइल मऊ, म्हणून ओरखडे न पडता गंज निघून येतो, पहिल्यांदा बघाल तेव्हा जादूच वाटेल. अ‍ॅल्युमिनियमच्या पार्टला धातूचं पॉलिश आणि जुना बनियन. इथे एक सावधगिरी, बऱ्याच पार्टवर अ‍ॅनोडायझिंगचा पातळ थर असतो, त्याच्यावरचे ओरखडे पॉलिशने जात नाहीत. लोक कॉस्टिक सोड्यात बुडवून तो थर काढतात आणि आरशासारखं चमकवतात. मी म्हणतो सोडून द्या. कॉस्टिक डोळ्यात उडालं तर काय, आणि थर गेला की पार्ट दर पावसाळ्यात काळवंडतो, आणि हॉलंडात पावसाळा बाराही महिने असतो. चाळीस वर्षांच्या पार्टवर चार ओरखडे असणारच की.

आतून मात्र कंजुषी नको. हब (चाकाचा मधला भाग), हेडसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग), बॉटम ब्रॅकेट तिन्ही उघडा, जुनं वाळकं ग्रीस रॉकेल नाहीतर तत्सम कशाने धुवा, छर्रे सगळे नवीन टाका (अगदी स्वस्त मिळतात), कप-कोनला खड्डे नसतील तर नवं ग्रीस भरून बंद करा. बाहेरून देखणी आणि आतून करकरणारी बाइक मला सहन होत नाही.

पुढचा भाग, म्हणजे हँडल, स्टेम, ब्रेक लिव्हर, टेप, इथे बाइक बनते किंवा बिघडते, म्हणून इथे वेळ घालवा. स्टेम जुन्या पद्धतीचा, सात आकड्यासारखा हवा. ७३ अंशांच्या हेडट्यूबमध्ये १७ अंश खाली वळलेला स्टेम बरोबर जमिनीला समांतर बसतो, म्हणजे दांड्याच्या रेघेला आणखी एक छोटी समांतर रेघ मिळते, आणि का कोण जाणे सगळं एकदम जागेवर आल्यासारखं वाटतं. पाठ दुखत असेल तर स्टेम वर काढा, लाज नको, फक्त त्याच्यावर कोरलेल्या खुणेच्या वर काढू नका. हँडल आणि स्टेमची मापं जुळवून घ्या: जुनं चिनेली हँडल मध्ये २६.४ मिमी, नंतरचं २६.०, जपानी बरीच २५.४. अर्ध्या मिमीने काय होतंय म्हणून पत्र्याची पट्टी घालून आवळणारे असतात, उतारावर हँडल फिरलं की कळतं काय होतंय ते. आणि जुन्या हँडलला क्लॅम्पच्या कडेला केसासारखी चीर दिसली तर ते भिंतीवर टांगा, नवीन घ्या. निट्टो ही जपानी कंपनी अजून जुन्या धाटणीची हँडल आणि स्टेम बनवते, पॉलिश बघून डोळे निवतात.

लिव्हर कुठे लावायची? हँडलच्या खालच्या सरळ भागाखाली एक पट्टी धरा, ती पुढे नेली की लिव्हरचं टोक तिला टेकलं पाहिजे. मेकॅनिक लोकांची जुनी पद्धत आहे आणि हातालाही बरोबर येते. ब्रेकच्या केबल जर लिव्हरच्या डोक्यातून निघून वर कमान करून जाणाऱ्या असतील तर त्या दोन कमानी सारख्या उंचीच्या करा, फार उंच नको, फार तोकड्या पण नको, हँडल पूर्ण वळवलं तर ओढल्या जाणार नाहीत इतपत. मी एकदा केबल चार वेळा कापली, पाचव्यांदा नवीन आणावी लागली.

टेप सुती घ्या. फोमची जाड टेप या हँडलवर सुजल्यासारखी दिसते. सुती टेप स्टेमच्या बाजूने सुरू करायची, निम्म्यावर निम्मी चढवत खाली आणायची आणि शेवट हँडलच्या पोकळीत खुपसून बूच मारायचं, लिव्हरच्या मागे आधी एक छोटा तुकडा लावून घ्यायचा म्हणजे धातू उघडा दिसत नाही. आणि मग माझा आवडता भाग, शेलॅक. इथले हौशी लोक हे फार गूढ काहीतरी असल्यासारखं सांगतात, पण शेलॅक म्हणजे आपला चपडा हो, लाखेचा, आपल्याकडे सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटाला मारतात तोच. मी पुण्याहून येताना हार्डवेअरच्या दुकानातून पाव किलो आणला, आई म्हणाली एवढं शिकून परदेशात सुतारकाम करतोस का. एक भाग चपडा, चार-पाच भाग स्पिरिट, रात्रभर झाकून ठेवा, फडक्यातून गाळा, आणि जुन्या ब्रशने पातळ हात मारा. एक तास वाळू द्या, परत. तीन-चार हातात पिवळी टेप मधासारखी होते, आणखी मारले तर गुळाच्या काकवीसारखी. टेप कडक होते, पावसाला दाद देत नाही, मळत नाही. एकच लक्षात ठेवा, वाळेपर्यंत घरात वास राहतो, बाल्कनीत करा.

सीटचं फार लांबवत नाही. ७० च्या दशकातली फ्रेम असेल तर ब्रूक्सची चामड्याची, ८० च्या दशकातली असेल तर सान मार्को रोल्स किंवा सेले इटालियाची टर्बो. ब्रूक्स भिजवू नका, तेलात तर मुळीच बुडवू नका, चामडं झोळीसारखं लोंबतं. सीट सपाट लावा, नाक वर करून लावलेली सीट लांबूनच ओळखू येते.

चाकांच्या बाबतीत एक गोष्ट सुंदरतेच्या आधी येते. जुन्या स्वस्त बाइकला क्रोमच्या स्टील रिम असतात, चकाकतात छान, आणि ओल्या झाल्या की ब्रेक लागत नाही, लागतच नाही, मी एकदा सिग्नल ओलांडून पलीकडे जाऊन थांबलोय. अ‍ॅल्युमिनियमच्या रिम, ३२ किंवा ३६ तारांच्या, आणि ब्रेकचे रबर नवीन. चाळीस वर्षांचं रबर दगड झालेलं असतं, तिथे जुनंच हवं हा हट्ट नको. चाक नव्याने विणायचं असेल तर तारा कापायच्या आधी फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा) काढून घ्या, कारण तारा गेल्या की हब धरायला काही राहत नाही आणि ते फ्रीव्हील मग कायमचं तिथेच. मागच्या हबची रुंदी पण मोजा, सहा-सात गिअरच्या जमान्यात १२६ मिमी होती, पुढे १३० झाली. स्टील आहे, हाताने फाकवून १३० चं चाक बसतं. टायर बाजूने बदामी रंगाचा घ्या. सगळा काळा टायर लावला की चाक जड वाटतं, बदामी लावला की रिमची चांदी आणि टायर यांच्यात एक उबदार कडा येते, पन्नास युरोत एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. २५ किंवा २८ मिमी, ब्रेकखाली जागा बघून.

गिअर खालच्या दांड्यावरच्या छोट्या दांडक्यांनी बदलायचे. १९८४ मध्ये शिमानोने ड्युरा-एसमध्ये टकटक जागेवर बसणारे गिअर आणले, त्याच्या आधीचे जवळपास सगळे अंदाजाने. लिव्हर जरा जास्त ओढायची आणि आवाज थांबेपर्यंत किंचित मागे सोडायची, आठवड्यात हात बसतो. चढासाठी मात्र आधीच विचार करा, जुन्या कँपीच्या १४४ मिमी क्रँकवर (चकतीचे बोल्ट ज्या वर्तुळात बसतात त्याचा हा व्यास) पुढची लहान चकती ४२ दातांच्या खाली सहसा मिळत नाही. आइंडहोव्हनच्या सपाटीवर प्रश्न नाही, लिम्बर्गमध्ये काउबर्गच्या चढावर जाऊन बघा मग. मी मागे मोठं फ्रीव्हील लावलंय, दिसायला थोडं थाळीसारखं दिसतं, गुडघे खूश आहेत.

कधी टस्कनीतल्या गायोले गावात लेरोइका या जुन्या सायकलींच्या राइडला जायचं मनात असेल (१९९७ पासून चालू आहे, पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून), तर पार्ट घेतानाच त्यांचे नियम डोक्यात ठेवा: बाइक १९८७ च्या आधीची, गिअर खालच्या दांड्यावर, पेडलला पट्टेवाले पिंजरे, आणि ब्रेकच्या केबल हँडलच्या बाहेरून. आधी टेपखालून केबल नेलीत तर नंतर चपडा मारलेली टेप उकलत बसावं लागेल, आणि ती उकलत नाही, सोलावी लागते.

सगळं झालं की शेवटचे पाच मिनिटांचे चाळे. टायरवरचं नाव नेमकं व्हॉल्व्हपाशी आणा, हे नुसतं दिसायला नाही, पंक्चर झालं की ट्यूबमधलं भोक टायरवर कुठे येतं ते लगेच सापडतं. पुढच्या क्विक रिलीजची (चाक झटकन सोडायच्या खिट्टीची) लिव्हर चिमट्याच्या मागे, वरच्या दिशेला, मागची चेनस्टे आणि सीटस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या आणि वरच्या नळ्या) मधल्या कोनात. व्हॉल्व्हच्या प्लास्टिकच्या टोप्या काढून टाका. आणि ग्रुपवर फोटो टाकणार असाल तर चेनच्या बाजूने काढा, मोठ्या चकतीवर चेन, उजवा क्रँक पुढे करून खालच्या दांड्याच्या रेघेत नाहीतर मागे चेनस्टेच्या रेघेत, आणि मागे कचऱ्याचे डबे येणार नाहीत एवढं बघा, माझ्या पहिल्या फोटोत तीन आले होते.